थैलीच्या तळाची वीतभर शिवण

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची माफी आधीच मागते. चौथीनंतर माझ्या हातात पेन आलं ते फक्त किराण्याची यादी करायला आणि कुठे सही लागली तर करायला. हे लिहिते आहे ते नातीच्या बारावीच्या वहीत उरलेल्या पानांवर. कोणाला दाखवायचं नाही. माणसांची नावं लिहीत नाही, गावाचंही नाही. बुलढाणा जिल्हा, एवढं पुरे.

आमच्या गावाला इंग्रजांनी कापसासाठी रेल्वेचा एक छोटा फाटा टाकला होता. मोठ्या लाइनीवरून निघायचा आणि आमच्या गावात येऊन संपायचा. राणीचं राज्य होतं तेव्हा माझ्या नवऱ्याच्या आजोबांचे आजोबा त्या स्टेशनावर हमाल होते. त्यांनी कंपनीच्या रोकडीच्या थैलीतले पैसे चोरले, आणि तिथल्या मालबाबूंनी, म्हणजे मालाचा हिशेब ठेवणाऱ्या कारकुनाने, ते स्वतःच्या खिशातून भरून त्यांना तुरुंगातून वाचवलं, अशी गोष्ट आमच्या घरात सांगतात. सांगताना कोणी मान खाली घालत नाही. मालबाबूंचे उपकार म्हणूनच ती सांगायची पद्धत आहे. तेव्हापासून आमच्या घरची एक बाई मालबाबूंच्या घरी कामाला जाते. एक थकली की दुसरी.

मी लग्न होऊन सोनाळ्याहून आले तेव्हा सतरा वर्षांची होते. सहाव्या दिवशी सासूने मला त्या घरी नेलं. वाटेत म्हणाली, "पगार किती भेटन असं पुसू नको. देतीन ते घ्याचं. आपल्यावर त्याइचं राह्यलं हाये."

"किती राह्यलं?" मी विचारलं.

सासू रस्त्यातच थांबली. "माह्या सासूनं कधी पुसलं नाई, म्या पुसलं नाई. तू पुसशीन तर तूच पहिली होशीन."

मी पहिली झाले नाही. बेचाळीस वर्षं गेले. झाडलं, पुसलं, भांडी घासली, त्यांच्या दोन बाळंतपणांचे कपडे धुतले. आमच्या गल्लीतल्या दुसऱ्या बायकांना तेवढ्याच कामाचे माझ्यापेक्षा जास्त मिळत. त्या मला म्हणत, "तुले काय बाप्पा, तू तं घरचीच हायेस त्याइच्या." हे त्या टोमण्याने म्हणत हे मला कळायला काही वर्षं लागली.

आता त्या घरात दोघंच असतात. सर मालबाबूंच्या वंशातले, हायस्कुलात इतिहास शिकवायचे, आता रिटायर आहेत. काकू माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठ्या. मुलगा पुण्याला. दोघंही वाईट नाहीत, हे लिहून ठेवते. माझ्या नवऱ्याच्या शेवटच्या आजारात त्यांनी अठरा हजार रुपये दिले. ते मी मागितले होते आणि त्यांनी "बघू" न म्हणता दिले.

दीडेक वर्षापूर्वी माझे गुडघे अगदीच गेले. खाली बसून फरशी पुसणं होईना. तेव्हा काकू एक दिवस म्हणाल्या, "बाई, दिवाळीपासून नातीला पाठवत जा. बारावी झाली ना तिची? ते अठरा हजारही हळूहळू वळते होतील."

नातीने नर्सिंगचा फॉर्म भरला होता. यादीत नाव लागलं होतं आणि शिष्यवृत्तीही मिळणार होती. मी घरी येऊन सांगितलं तर माझा मुलगा म्हणाला, "जाऊ दे तिले. सकाळचे दोन-तीन घंटे तं काम हाये. त्या घरानं आपल्याले कधी नाई म्हनलं नाई, आई."

नात पिठाचा हात तसाच ठेवून बाहेर आली. "पैसे आजीनं घेतले, चोरी कोन्या जमान्यातल्या बुड्यानं केली, आन फरशी म्या पुसू? कॉलेज अकोल्याले हाये, बाबा. तिथून रोज येऊन पुसू का?"

"तोंड पाहा हिचं," मुलगा म्हणाला.

"आजी, तू सांग ना. तू काऊन गप हायेस?"

त्या घरी जायचं नाही असं म्हणता येतं, हेच मला माहीत नव्हतं.

त्याच दिवसांत पेटी आली. गावातल्या वाचनालयात रेल्वेच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं आणि सरांच्या चुलत्यांकडे पडलेली मालबाबूंची पत्र्याची पेटी सरांनी मागवून घेतली. पेटीत टाक होते, दौत होती, मोहरेचा पितळी शिक्का होता, कागदांचा गठ्ठा होता आणि एका जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली ती थैली होती. जाड किंतानाची, हातभर लांब. गळ्याची दोरी कापलेली, पण दोरीवरची लाख अजून तशीच चिकटलेली होती.

सरांना कोणीतरी ऐकणारं लागतं. काकू ऐकत नाहीत. मी दुपारी व्हरांड्यात खुर्चीवर बसून तुरी निवडायची आणि सर त्या इंग्रजी कागदांतलं मराठीत सांगत जायचे. चौकशीची नक्कल होती ती. पहिल्या दिवशी ते थोडे अवघडले. "बाई, यात तुमच्या घरातल्या माणसाचं आहे. वाईट वाटून घेऊ नका."

"मले ठाऊक हाये, सर. वाचा."

मला ठाऊक होतं ते फक्त घरचं ऐकीव. खरं काय झालं ते मी पहिल्यांदा ऐकत होते. तीन दिवसांच्या मालभाड्याचे चांदीचे रुपये संध्याकाळी मोठ्या स्टेशनमास्तरांसमोर मोजले. थैलीत भरले, गळा बांधला, लाखेवर मोहोर मारली. थैली मालबाबूंच्या खोलीत लोखंडी तिजोरीत ठेवली. किल्ली मालबाबूंकडे. सकाळी त्यांनी थैली काढून हमालाच्या डोक्यावर दिली. हमाल गार्डाच्या डब्यात बसला आणि गार्ड जंक्शनापर्यंत त्याच्या समोर बसून होता. जंक्शनावर कंपनीच्या साहेबांनी लाख पाहिली. लाख शाबूत. वजन केलं. वजन बरोबर. दोरी कापली तर आत रुपये नाहीत, कापसाच्या गाठींना आवळायच्या लोखंडी पट्टीचे तुकडे.

"मंग आमच्या बुड्यानं कधी काढले?" मी विचारलं.

"तोच तर मुद्दा आहे," सर म्हणाले. शाळेत शिकवत असतील तसं बोट वर करून. "बाबूंनी थैली दिल्यावर तो डब्यात बसायच्या आधी विहिरीकडे गेला होता. दहा मिनिटं कोणाला दिसला नाही. तिथे त्याने चुलीवर लाख मऊ केली, थैली उघडली, आणि लाख पुन्हा चिकटवली. साहेबांनी तसंच लिहिलं आहे."

"विहिरीवर काऊन गेला म्हनते तो?"

सरांनी पान उलटलं. "म्हणतो, बाबूंनी कचेरीचा माठ भरून ठेवायला सांगितलं. बाबू म्हणाले, मी सांगितलं नाही."

तुरीतले खडे वेचता वेचता माझ्या मनात एक खडा राहिला. चोरी करायची ठरवून पट्टीचे तुकडे बरोबर वजनाचे करून आणणारा माणूस थैली मिळाल्यावरच आग शोधायला जाईल का? आणि ते वजन त्याला आधी कोणी सांगितलं?

चार दिवसांनी काकूंनी थैली माझ्याकडे टाकली. "उन्हात झटकून, हलक्या हाताने धुवून द्या. लाख भिजवू नका. प्रदर्शनात अशी मळकी ठेवायची का?"

कोणतीही पिशवी धुताना बाई आधी ती उलटी करते. आतला कचरा कोपऱ्यात बसलेला असतो. मीही थैली उलटी केली आणि नळाखाली धरायच्या आधीच माझा हात थांबला.

लग्नानंतरची काही वर्षं मी सकाळी या घरचं काम आणि दुपारी कापसाच्या जिनिंगमध्ये पोती शिवायचं काम करायची. हंगामात. आम्ही सहा-सात बायका सरकीची पोती शिवायचो. तोंडाला पदर, हातात दाभण, पुढ्यात सुतळी. दाभण टोकाला जरा वाकलेलं असतं, कारण भरलेल्या पोत्याच्या आत हात घालता येत नाही, सुई बाहेरूनच आत जाऊन बाहेरच यावी लागते. एक म्हातारी आम्हाला शिकवायची. "भरेल पोतं बाळंतिणीवानी असते पोरीहो, त्याले उलटं-पालटं कराचं नसते." आम्ही हसून हसून सुया टोचून घ्यायचो. रिकामं पोतं फाटलं असेल तर मात्र उलटून आतून शिवायचं. बाहेरून शिवलं तर मुकादम पोतं तोंडावर फेकायचा.

ही थैली आतून शिवून उलटवलेली होती. काळ्या मेणवलेल्या दोऱ्याने, बारीक, एकसारखी. दोन्ही बाजू आणि तळ. फक्त तळाच्या एका कोपऱ्यात वीतभर तसं नव्हतं. तिथे कापडाच्या दोन्ही कडांना आधीच्या सुईची भोकं ओळीने होती, पण रिकामी. दोरा काढलेला. आणि त्या कडा आत दुमडून बाहेरून शिवलेल्या होत्या. दोरा मेणाचा नव्हता. सुतळी उलगडून तिचा एक पदर काढतात, तसा तो तागाचा होता. गाठ बाहेर मारून शिवणीखाली खोचलेली.

मी थैली सुलटी केली. पुन्हा उलटी केली. रिकामी थैली कोणी बाहेरून शिवत नाही. ज्याने ही शिवली त्याला ती उलटवता आली नव्हती. थैली भरलेली होती आणि तिचं तोंड बंद होतं.

लाखेला कोणी हातच लावला नव्हता. साहेबांनी लाख पाहिली, स्टेशनमास्तरांनी लाख पाहिली, सगळे गळ्याकडेच पाहत राहिले. तळाची शिवण पाहणारं तिथे कोणी नव्हतं.

मी थैली धुतली नाही. "काकू, कापड विरलं हाये, पान्यानं फाटन," म्हणून सांगितलं. खोटंच.

पुढचे दिवस मी जे केलं ते सांगायला आजही लाज वाटते. मी त्या घरात चोरून पाहू लागले. बेचाळीस वर्षांत मी कधी कपाट उघडलं नव्हतं. आता केर काढताना पेटीपाशी रेंगाळायचे. मला मालबाबूंचा संशय आला होता, आणि त्याच वेळी स्वतःचाही. नातीला या घरी पाठवायचं नाही म्हणून तर मला हे दिसत नाही ना? मेलेल्या माणसावर आळ घेणं सोपं असतं, तो उलटून बोलत नाही. आमच्या बुड्यावरही असाच घेतला असेल.

मनातली एक बाजू म्हणायची, ती शिवण नंतरची असेल. फाटली म्हणून कोणी अडाण्याने शिवली असेल. ते मी तपासलं. थैलीवर तळाच्या त्याच कोपऱ्यात चौकशीच्या वेळचा नंबर शाईने लिहिलेला होता. सरांनीच तो कौतुकाने दाखवला होता. नंबराचा शेवटचा आकडा शिवणीवरून गेलेला होता. मी दाभणाच्या टोकाने एक टाका जरासा उचलला. टाक्याच्या वरच्या अंगाला शाई होती, कापडात बुडालेला दोरा कोरा होता. म्हणजे नंबर टाकला त्या दिवशी ती शिवण तिथे होतीच.

ते दाभण मला पेटीतच मिळालं होतं. टाकांबरोबर ठेवलेलं, गंजलेलं, टोकाला वाकलेलं. सर सांगायचे की ती कागद ओवायची सुई. कारकुनाच्या घरात सुई म्हणजे कागद ओवायचीच असणार. पण कागदाची सुई सरळ असते. मालबाबूंच्या आवारात रोज गाठी यायच्या. गाठीचं तागाचं कापड फाटलं की गाडीत भरण्याआधी शिवावं लागतं. बाबूंच्या टेबलात दाभण असण्यात नवल काहीच नव्हतं.

मी ते हातात धरून उभी असताना काकू दारात आल्या. "बाई, पेटीत काय शोधताय?"

"धूळ पुसून राह्यली."

"पेटी बंद होती."

मी दाभण ठेवून दिलं. काकूंनी माझ्यासमोर पेटी बंद केली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. दुसऱ्या दिवशीपासून मी ज्या खोलीत असेन त्या खोलीत त्यांचं काहीतरी काम निघू लागलं.

मला एक गोष्ट अजून पाहायची होती. दहा मिनिटांत हे होतं का? दुपारी घरी कोणी नसताना मी गव्हाचं छोटं पोतं घेतलं. आतून शिवून, उलटवून, त्यात गहू भरून तोंड घट्ट बांधलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून तळाची वीतभर शिवण उसवली, गहू परातीत काढले, अंगणातले खडे भरले, आणि बाहेरून शिवलं. माझा हात पोती शिवण्यात गेलेला. तरी चाळीस मिनिटं लागली. आणि मी आपल्या घरात निवांत बसले होते. विहिरीवर, लोकांच्या वाटेवर, हातात कंपनीची थैली घेऊन दहा मिनिटांत हे कोणालाही जमलं नसतं. गार्डासमोर तर नाहीच. ती थैली रात्रभर एकाच माणसाच्या किल्लीखाली होती.

नात आली तेव्हा मी पोत्याचं तोंड सोडून ते रिकामं केलं होतं आणि आत राहिलेल्या गव्हांतले खडे निवडत होते. "आजी, गव्हात खडे कोन टाकले?"

"म्याच टाकले."

"काऊन?"

मी तिला सगळं सांगितलं. तिने पोतं उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजे चोरले त्याइनं, आन भांडे घासले आपन."

"असं एकदम म्हनू नको. आपन तिथं नव्हतो."

"तू सरांले दाखवनार का नाई?"

"मले बोलता नाई येत तिथं."

"बोलू नको ना मंग. पोतं नेऊन ठेव."

आठ दिवस मी ते पोतं पिशवीत घालून नेत होते आणि तसंच परत आणत होते. नववा दिवस वेगळा झाला, कारण सरांनी प्रदर्शनासाठी लिहिलेलं कार्ड मला वाचून दाखवलं. सुंदर अक्षर. त्यात होतं की ही रोकडीची थैली, हिच्यातले पैसे एका हमालाने चोरले, आणि प्रामाणिक व दयाळू मालबाबूंनी ते पदरचे भरून त्याच्या कुटुंबाला कायमचा आधार दिला. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बाई, नातीचं काय ठरलं? दिवाळीपासून येऊ द्या. मला पक्कं सांगा म्हणजे दुसरी बघायला नको."

मी पिशवीतून पोतं काढून टेबलावर ठेवलं. उलटं करून. मग म्हटलं, "सर, थैली आना. अशीच उलटी करा."

सरांना वाटलं, मला ती धुवायची आहे. पण त्यांनी आणली. मी माझ्या पोत्याची आतली शिवण दाखवली, मग बाहेरची. मग त्यांच्या थैलीची आतली, आणि कोपऱ्यातली. माझा आवाज इतका बारीक निघत होता की सरांनी पंखा बंद केला. मी सांगितलं ते चार-पाच वाक्यांत संपलं. भरलेली थैली उलटत नाही. ही भरलेली असताना शिवली. मला चाळीस मिनिटं लागली. रात्री ती तिजोरीत होती.

सर म्हणाले, "नंतर कोणीतरी दुरुस्त केली असेल."

मी शाईच्या आकड्यावर बोट ठेवलं. टाका उचलून दाखवला.

त्यांनी भिंग आणलं. कितीतरी वेळ वाकून पाहत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसत होत्या. मग त्यांनी ते दाभण काढलं, त्याचं वाकलेलं टोक त्या टाक्यात घालून पाहिलं आणि खाली ठेवलं.

काकूच बोलल्या. "इतक्या वर्षांपूर्वीचं उकरून काय मिळणार आहे, बाई? स्पष्ट सांगा. पैसे हवेत का?"

"नाई."

"मग?"

"पोट्टी येनार नाई. येवढंच."

"आणि अठरा हजार?"

"ते माह्ये हायेत. ते म्या घेतले, म्या देईन. पन त्याच्यात आमच्या बुड्याचे नका धरू."

"तुम्ही कुठून देणार?"

"देईन."

सर मध्येच म्हणाले, "पुरावा म्हणून हे कोर्टात टिकणार नाही. बाबूंनीच केलं असं यावरून सिद्ध होत नाही." ते काकूंना सांगत होते, मला की स्वतःला, कळलं नाही.

"कोर्टात कोन चाललं, सर," मी म्हटलं. "तुमी फक्त त्या कार्डावर चोर लिहू नका."

त्या दिवशी मी भांडी घासून, ओटा पुसून निघाले. दुसऱ्या दिवशी गेले नाही. बेचाळीस वर्षांत न सांगता केलेली ती पहिली सुट्टी, आणि तिलाच पुढे सोडणं म्हणायला लागलं.

मुलगा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. त्याचं म्हणणं, उद्या कोणी आजारी पडलं तर कोणाच्या दारात जायचं? ते चूक नव्हतं. मी त्याला पोतं दाखवलं. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "हे असनही खरं. पन दवाखान्यात हे दाखवून औषध भेटते का?" तरी नात अकोल्याला गेली तेव्हा तिची ट्रंक डोक्यावर घेऊन तोच बसस्टँडवर गेला.

वाचनालयातलं प्रदर्शन मी शेवटच्या दिवशी दुपारी पाहिलं. गर्दी नव्हती. जुने कंदील, तिकिटं, एक घंटा. थैली काचेखाली होती. सुलटीच ठेवली होती, लाख वर दिसेल अशी. कार्ड नवीन होतं. त्यावर लिहिलं होतं: रोकडीची थैली. ही वाटेत की वाटेआधी रिकामी झाली, आणि कोणी केली, हे निश्चित सांगता येत नाही.

मी ते तीन वेळा वाचलं. मला राग आला. निश्चित सांगता येत नाही हे त्यांना आत्ताच बरं सुचलं. पण ते कार्ड वाचत माझ्या शेजारी एक शाळकरी मुलगी उभी होती, ती तिच्या मैत्रिणीला म्हणाली, "वाटेआधी म्हंजे स्टेशनातच ना बे?" मग मला वाटलं, चला, कोणीतरी विचारलं.

अठरा हजार फेडायला मला सव्वा वर्ष लागलं. गुडघ्यांनी जे होत नव्हतं ते हातांनी केलं. गोधड्या शिवल्या. आमच्या बुद्धविहारातल्या बायकांनी एकीला सांगितलं, तिने दुसरीला. धामणगाव बढ्याच्या एका घरून लग्नासाठी एकदम सहा गोधड्यांचं काम आलं. हंगामात जिनिंगवाल्यांनी पोती शिवायला पुन्हा घेतलं, स्टूल देऊन. तिथे आता माझ्याएवढी म्हातारी मीच. पोरी मला विचारतात, "आजी, भरेल पोतं उलटं काऊन नाई कराचं?" मी त्यांना बाळंतिणीचं सांगते. त्या हसतात.

दर महिन्याला जमेल तेवढे घेऊन मी त्या घरी जायची. कधी हजार, कधी पंधराशे, एकदा सातशेच. काकू दाराशीच घ्यायच्या. पहिल्या वेळी त्यांनी नोटा उजेडाकडे धरून पाहिल्या. मला हसू आलं आणि ते त्यांना दिसलं. पुढच्या वेळी त्यांनी बसा म्हटलं. त्यांच्याकडे दुसरी बाई लागली होती, माझ्यापेक्षा दुप्पट घेत होती आणि कोपरे काढत नव्हती. हे काकूंनी मला तक्रारीच्या सुरात सांगितलं, जणू मीच तिला ठेवली होती.

तरी माझा संशय पुरता गेला नाही. कधी वाटायचं, सासूला हे ठाऊक असेल का? किती राहिलं हे तिने कधी विचारलं नाही, ते तिला विचारायची भीती वाटली म्हणून, की विचारलं तर काय उत्तर येईल हे माहीत होतं म्हणून? आणि सरांना? ती पेटी चुलत्यांकडे इतकी वर्षं कुलपात का होती? चोरी झालेल्या थैलीची आठवण कोणता प्रामाणिक माणूस धोतरात गुंडाळून घरी आणून ठेवतो? ज्यांना विचारायचं ते सगळे गेले. सर आहेत, पण सरांना मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही.

गेल्या महिन्यात शेवटचे दोन हजार घेऊन गेले. काकू देवळात गेल्या होत्या. सर एकटेच होते. टेबलावर कागद पसरलेले होते. ती चौकशी ते अजून वाचत आहेत, हे मला दुरून दिसलं. मी पैसे टेबलावर ठेवले.

सर म्हणाले, "बाई, हे राहू द्या. आमच्याकडून समजा." जरा थांबून म्हणाले, "मला बरं वाटेल."

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. बोलता आलं असतं तर त्यांनी आणखी काही म्हटलं असतं, असंही वाटलं. पण ते दोन हजार मी घेतले असते, तर नातीच्या मुलीला उद्या कोणीतरी सांगितलं असतं की आपल्यावर त्यांचं राहिलं आहे.

"सर, एकदा तुमच्याकडून समजून घेतलं होतं आमच्या घरानं," मी म्हटलं. "हे मोजून घ्या. आन मले एका कागदावर लिहून द्या."

त्यांनी नोटा मोजल्या. एकदा, आणि मग पुन्हा एकदा, सावकाश. टेबलाच्या खणातून कोरा कागद काढला आणि त्याच सुंदर अक्षरात लिहिलं. मला वाचता येतं हे त्यांना माहीत होतं, तरी त्यांनी वाचून दाखवलं. उसने दिलेले अठरा हजार रुपये पूर्ण मिळाले. आता काही बाकी नाही. खाली तारीख घातली आणि सही केली.